मधूकाकांचं नाव

१ फेब्रु., रवि. देवास
दुपारी लॅपटॉपवर पत्रकारांचा एक सिनेमा पाहिला. एकटीनेच. त्यातली बातमीदार बाई तिला आतली खबर देणाऱ्या माणसाला अंधाऱ्या पार्किंगमध्ये भेटते. इथे कुठलं पार्किंग! टेकरीखाली दोघं पाच मिनिटं बोलले की तिसरा येऊन "और भिया, क्या चल रिया?" विचारतोच. तीही घरी एकटीच जेवते. पण तिच्यामागे संगीत वाजतं, माझ्यामागे फ्रिज.

४ फेब्रु. धार
मधूकाकांकडे. बाबांचे जुने मित्र. पाणी तपासायच्या लॅबमध्ये आयुष्य गेलं, येत्या जूनमध्ये रिटायर होणार. रजिस्टरच्या पानाचा फोटो काढू दिला. अमझेऱ्याकडच्या मुलींच्या वसतिगृहाचं पाणी. रजिस्टरात "पिण्यास अयोग्य", वर पाठवलेल्या कागदात "योग्य". तेच पाणी पिऊन मुली काविळीने आजारी. "माझे नाव कोठेही येता कामा नये, बेबी." वचन दिलं. काकूंनी पोहे पुढे ठेवले आणि आत गेल्या.

९ फेब्रु.
गाढव आहे मी, गाढव!
लॅबच्या साहेबांची बाजू ऐकून घ्यायला गेले. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला आधी विचारायचं, हा नियमच आहे. काकांना ओळख दाखवायची नाही असं ठरवून गेले होते. ते फाइल घेऊन समोरून आले आणि मी चक्क वाकून नमस्कार केला. चार लोकांदेखत! लहानपणापासूनचं वळण, मोठं माणूस दिसलं की कंबर आपोआप वाकते. काकांचाही हात उठला, "औक्षवंत हो" म्हणून मोकळे. मग दोघंही पांढरेफटक. साहेब हसले. "अच्छा, घर का मामला है."
हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. कुठल्या सिनेमात असं होतं?

१३ फेब्रु.
बातमी आली. पहिलं पान, रजिस्टरच्या फोटोसकट. काकांचं नाव नाही, "एक कर्मचारी" इतकंही लिहिलं नाही. वसतिगृहाची टाकी बंद केली, टँकर सुरू झाला. सकाळी बरेच फोन, दुपारनंतर सामसूम. बाबा असते तर अंक घेऊन गल्लीभर हिंडले असते. मी घडी करून कपाटात ठेवला. फार एकटं वाटलं आज, खोटं कशाला बोलू.

१८ फेब्रु.
काकांवर जांच बसली. फोटो कोणी दिला म्हणून मलाही पत्र. त्याआधी काकूंचा फोन. "तू फक्त 'हे नव्हेत' एवढं लिहून दे. तुझं काय जातं?"
संपादक म्हणाले, "दीदी, सोर्स पे हाँ भी नहीं, ना भी नहीं." बरोबर आहे त्यांचं. सिनेमातली ती कोर्टात गप्प राहते, तुरुंगात जाते, पण गप्प. तिचं बरं आहे. तिचा नमस्कार कोणी पाहिला नव्हता. मी गप्प राहिले तर सगळे 'हो'च समजणार.

२० फेब्रु.
लिहून दिलं. "मधुकररावांनी मला कोणताही कागद दाखवला नाही." खाली सही. संपादकांना सांगितलं नाही. पुण्याचं काम केलं असं वाटतंय.

२४ फेब्रु.
रामसिंगला काढलं. लॅबचा रोजंदारीवरचा शिपाई. रजिस्टरच्या कपाटाची किल्ली दोघांकडेच, काका आणि तो. काका नव्हेत हे मीच सहीनिशी सांगितलं. मग उरला कोण? एवढं सुचलं नाही मला. वीस वर्षं बातमीदारी करते म्हणे! भाताचा कुकर लावला होता, तो उघडलाही नाही.

२६ फेब्रु.
काकांचा फोन. आवाज एकदम शांत.
"आज लिहून दिले. रजिस्टर मीच दाखविले. रामसिंगाच्या पोटावर पाय देऊन मला रिटायर व्हायचे नाही."
म्हटलं, काका, मी तर लिहून दिलंय, तुम्ही नव्हे म्हणून.
काका खोकले.
"मला विचारायचे तरी, बेबी."
काकूंनी त्यांना सांगितलंच नव्हतं. आणि मीही...

२७ फेब्रु.
संपादकांना सगळं सांगितलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "दीदी, अब दोनों में से एक तो झूठा हुआ." वसतिगृहवाल्यांनाही हेच हवं होतं. म्हणतात, बातमीच बनावट, टाकी परत चालू करा.

१ मार्च, रवि.
उद्या अकराला धारला चौकशी. काकांना आणि मला समोरासमोर बसवणार.
खरं सांगितलं तर मी खोटी सही करणारी बाई, मग माझ्या बातमीवर कोण विश्वास ठेवील? न सांगितलं तर काका खोटे, रामसिंग बाहेर, आणि त्या मुली परत तेच पाणी पिणार. काय करायचं ते कळतंय मला. भीती वाटते, एवढंच.
सकाळपासून एकच वाक्य लिहिते आहे. "वीस तारखेचं माझं लिहिणं खोटं आहे." हिंदीत लिहिलं, मराठीत लिहिलं. वाचून दाखवायला घरात कोणी नाही.
चारला काकांना फोन लावला. या खेपेस आधी विचारावं म्हणून. काकूंनी उचलला. म्हणाल्या, "ते झोपलेत."
मागे काका खोकत होते.