सुईविना दूध

सोमवार, दिवेलागण

ती सुई मनातून जात नाही. आज दूध घ्यायला गोठ्यावर जरा लवकर पोचलो, तर रामदीन भैया गायीच्या मानेत सुई टोचून राहिला होता. मला पाहून ओशाळला. "क्या करूँ भैया, बछड़ा मर गया, तब से दूध चढ़ा लेती है."

माणूस वाईट नाही. वासरू गेलं तेव्हा माझ्यासमोर रडला होता. पण ती सुई! पान्हा म्हणजे आईची माया, ती गाय चोरते म्हणून औषधानं ओढून काढायची? आपल्याकडे तर वासरानं आधी तोंड लावलेलं दूधच देवाला चालतं.

त्याला म्हटलं, "कल से सुई मत लगाना. प्यार से जितना दे, हम उतना ही लेंगे."

"पाव भर भी नहीं निकला, तो भाभी मुझे ही डाँटेंगी."

घरी हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, "काहून, गायीचं दुःख कळलं, माझ्या चहाचं नाही? पाकिटाचं घेऊ ना." घेता येईल. पण आपण दुसरीकडे वळलो तर गायीची सुई थोडीच थांबणार?

थोड्या वेळानं पाहतो, तर ही गूळ फोडून पदरात बांधून राहिली होती. म्हणाली, "उद्या मीही येते. त्याची धार काढून होईपर्यंत तिच्या गळ्याला खाजवत बसते."

सोमवार असून आज शंकराला दूध वाहवलं नाही. नुसतं नर्मदेचं पाणी घातलं, आणि उद्या गायीनं आपणहून पान्हा सोडावा, एवढंच मागितलं. थोडा का असेना.