सतरा नंबरची खरखर

दिघी,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. शेखरभाऊजी यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

चार दिवस फोन करते आहे. तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. तुम्ही चाकणला राहायला गेल्यापासून तुम्हा दोघा भावांचं पत्रावरच चालायचं, कारण दादांना फोनवरचं ऐकू येत नव्हतं. तीच वाट मीही धरते.

इथलं बरं आहे. शिलाई मशीन पुन्हा सुरू केली. बायका ब्लाउज टाकायला येतात आणि भीत भीत बसतात. माझ्यासमोर हसावं की नाही ते त्यांना कळत नाही. मी माप घेत राहते.

कंपनीचं पत्र आलं. सात डिसेंबरला यार्डात मागे येणाऱ्या ट्रकखाली दादा सापडले, त्याची चौकशी पुरी झाली म्हणतात. लिहिलं आहे की मयत चिमाजी हे घरी वर्षानुवर्षे मोठ्या आवाजात इंग्रजी बँडच्या तबकड्या ऐकत असत, त्यामुळे त्यांचे कान गेले, आणि ही गोष्ट त्यांनी कंपनीपासून लपवली. पुरावा म्हणून आमच्या बिल्डिंगमधल्या लोकांचा २०१६ सालचा तक्रार अर्ज जोडला आहे.

भाऊजी, हा माणूस तेवीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या दीडशे टनी प्रेससमोर उभा होता. घरी आला तरी त्याची छाती त्या ठोक्यावर हलायची. आणि कान गेले ते चावीच्या फोनोने? त्याला आवाज वाढवायचं बटणच नसतं. चावी द्यायची, सुई ठेवायची, की तो त्याच्या आवाजात वाजतो.

भरपाई ते देतील, न देतील. पण दादा आपल्या हौसेपायी बहिरे झाले आणि त्यातच गेले, असं कागदावर राहणार आहे. तेवढं मला खोडायचं आहे. २७ मार्चला कामगार कार्यालयात सुनावणी आहे. तुम्ही आठ वर्षं त्यांच्या शेजारच्या प्रेसवर होतात. तिथे आवाज किती असतो, एवढंच येऊन सांगा.

मंजुषाने दिलेली शेंगदाण्याची चटणी संपली. डबा धुऊन ठेवला आहे. तो न्यायच्या निमित्ताने तरी या. दिग्विजयला आशीर्वाद.

आहे तो लोभ तसाच ठेवावा.
तुमची,
इंद्रायणीवहिनी


चाकण,
२१ फेब्रुवारी २०२५

ती. गं. भा. वहिनींच्या सेवेशी,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. शिफ्टमध्ये फोन लॉकरला ठेवावा लागतो आणि घरी आल्यावर उशीर झालेला असतो. हे कारण तुम्हाला पटणार नाही, पण लिहून ठेवतो.

दिग्विजयला आमच्याच कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये ट्रेनी म्हणून दोन वर्षं होत आली. एप्रिलमध्ये कायम होण्याच्या ऑर्डरी निघतील. मुलं अकरा आहेत आणि जागा पाच. गेल्या आठवड्यात मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा दिला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. पोरगा काय म्हणतो, असं विचारलं. दुसरं काही बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

वहिनी, दादा परत येणार नाही. आणि त्याला तबकड्यांचा नाद होता हे काही खोटं नाही. तुम्हीच चेष्टा करायचात की हे डोकं कर्ण्यात घालून बसतात, एक दिवस अमेरिकेला निघून जातील.

२०१६ चा अर्ज माझ्या अक्षरात आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तेव्हा आम्ही तुमच्या वरच्या मजल्यावर होतो आणि दिग्विजयची दहावी होती. दादा तिसरी पाळी करून सकाळी यायचा आणि तीच तबकडी चार चार वेळा लावायचा. शेजारी म्हणाले तुझं अक्षर चांगलं आहे, तू लिही. मी लिहिला. आता कंपनीतून जुना कागद काही आहे का विचारलं, तेव्हा काढून दिला. त्याचं असं करतील हे मला कळलं नाही. किंवा कळलं असेल आणि मी विचार केला नसेल.

२७ तारखेला रजा मिळणं अवघड दिसतं.

चुकलंमाकलं पोटात घालावं.
आपला,
शेखर


दिघी,
२ मार्च २०२५

चि. शेखरभाऊजी यांस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमचं पत्र उघडलं आणि गं. भा. वर थांबले. लग्न झालं तेव्हा सौ. लावताना मला कुणी विचारलं नव्हतं, आता हेही नाही. तुम्ही आमच्याकडे राहायला आलात तेव्हा सोळा वर्षांचे होतात आणि नुसतं वहिनी म्हणत होतात. तेवढंच लिहा.

अर्जाचं अक्षर मी ओळखलं होतं. तुमच्याकडून कळायची वाट बघत होते. कळलं, तो विषय संपला.

आता दुसरं. ट्रंकेत तबकड्यांच्या खाली दादांची वही सापडली. ट्रंक तुम्हाला आठवत असेल. १९९८ साली इथल्याच भंगारवाल्याकडून आणलेली, वर लष्करी कॅन्टीनचा शिक्का, आत फोनो आणि त्रेचाळीस तबकड्या. महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेत नाचाच्या हॉलमध्ये मोठे बँड वाजायचे, त्यांच्या. त्या संगीताला स्विंग म्हणतात, हे मी नंतर वाचनालयातल्या पुस्तकात वाचलं. पंधरा-सोळा माणसं एका वेळी वाजवणार, निम्मी फुंकणारी, आणि चाल अशी की बसलेल्या माणसाचा पाय आपोआप हलतो. दादांनी गावाकडे चुलत्याच्या लग्नाच्या बँडमध्ये चार हंगाम क्लॅरिनेट वाजवला होता. पहिली तबकडी ऐकून म्हणाले की हा आपलाच धंदा आहे, फक्त यांना ऊन लागत नाही.

इंग्रजी लेबलं त्यांना वाचता यायची नाहीत, म्हणून प्रत्येक तबकडीला नंबर आणि नाव त्यांनीच दिलं. सतरा नंबर म्हणजे ‘पळती वरात’. सकाळी लावायचे ती हीच. तबकडी ऐकली की वहीत लिहायचं, असा नेम होता. मला वाटायचं नुसती नावं लिहीत असतील. सतरा नंबरच्या पानांवरचं जसंच्या तसं उतरवते.

१९९९ : “क्लॅरिनेट एक नंबर. मागे झांज बारीक, सतत. खरखर फार.”

२००३ : “खरखर कमी झाली. वाजून वाजून तबकडी साफ होत असावी. चांगलं झालं.”

२००८ : “झांज वाजत नाही. सुई बदलली. तरी नाही.”

२०१३ : “क्लॅरिनेट वर चढला की तुटतो. सुई बदलली. तबकडी साबणाच्या पाण्याने पुसली.”

२०१९ : “ड्रम आणि मोठी पितळी वाद्यं.”

२०२३ : “लावली. फिरताना दिसते.”

भाऊजी, काल मी सतरा नंबर लावली. झांज आहे. क्लॅरिनेट आहे. खरखर तर अशी की कढईत मोहरी तडतडावी. पुस्तकात लिहिलं आहे की लोखंडी सुईने तबकडी झिजते आणि खरखर वाढत जाते. ती कधीच कमी होत नाही. दादांचे कान चालले होते आणि ते सुया बदलत होते. प्रेसवर गेले २००१ मध्ये. दोन वर्षांत खरखर ऐकू येईना झाली, आणि त्याचा त्यांना आनंद झाला.

तेव्हा त्यांनी मला सांगितलंही होतं. मी म्हणाले, काही गेली नाही, आहे तशीच आहे. आणि भाकरी उलटली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. हे मी कुणाच्या माथी मारत नाही, माझ्याजवळच ठेवते.

ट्रक मागे येताना बारीक पी-पी वाजतं ना? झांज गेली त्याच सुमाराला तेही गेलं असणार.

वहीत एक पान तुमचंही आहे. १४ ऑगस्ट २०१२. “कंपनीत कान तपासायची गाडी आली. नर्सबाई बटण दाबते, आवाज आला की आपण बोट वर करायचं. मला काही कळेना. शेखर दारात रांगेत उभा होता. तिचा हात बघून त्याने मला खूण केली. पास झालो. पोरगं हुशार आहे.”

हे वाचून मी वही मिटली. काय करायचं ते अजून ठरवलं नाही.

तब्येत सांभाळा.
तुमची,
वहिनी


चाकण,
८ मार्च २०२५

ती. वहिनींस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

वही वकिलांना दाखवलीत का? दाखवली नसेल तर आधी माझं ऐका.

ते एक वर्ष नव्हतं. सलग पाच वर्षं मी दारात उभा राहिलो. दादानेच सांगितलं होतं. त्याच्या आधी दोन जण तपासणीत नापास झाले, त्यांना कुणी काही बोललं नाही, फक्त पुढच्या महिन्यात कंत्राटाच्या हजेरीवर त्यांची नावं आली. दादा मला म्हणाला की कान गेले तर गेले, हात चालू आहेत. मी हात दाखवत राहिलो आणि तो बोट वर करत राहिला. गाडीतून उतरताना डोळा मारायचा. आम्ही हसायचो, वहिनी. हे तुम्हाला कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

ते पान बाहेर आलं तर मी जाईन. ते ठीक आहे, माझं झालं. पण दिग्विजयची ऑर्डर जाईल. शिवाय कंपनी म्हणते तेच खरं ठरेल, की दादाने लपवलं. ते पान तुम्हालाच नडेल. बाकी वही चांगली आहे. एकच पान काढा. एवढ्या मोठ्या वहीत एक पान कुणी मोजत नाही.

दिग्विजयला यातलं काही माहीत नाही. तो फक्त विचारतो की काकूकडे का जात नाही.

मंजुषा रोज नवस बोलते. कशासाठी ते मी विचारत नाही.

पाया पडतो.
शेखर


दिघी,
१२ मार्च २०२५

चि. शेखरभाऊजी यांस,
आशीर्वाद. वि. वि.

मी शनिवारी राजगुरुनगरला अक्काकडे जाते आहे, सोमवारी परत येईन. चावी खालच्या अंबुबाईंकडे आहे. रविवारी या. वही टेबलावर आहे, त्या पानात दोरा घातला आहे.

पान फाडायचं असेल तर तुम्ही फाडा. माझ्या हातून होणार नाही. मी खूप विचार केला. दादांनी लपवलं हे खरं आहे, आणि का लपवलं तेही त्याच पानावर आहे. ते काढलं तर वहीत उरतो तो एक वेडा माणूस, ज्याला आपण बहिरे होतो आहोत हे समजलं नाही. त्यांना समजत होतं. पण तुमचाही मुलगा आहे. दादा असते तर म्हणाले असते, फाड. म्हणून तुमच्यावर सोपवते. पान नसलं तरी मी उरलेली वही घेऊन सुनावणीला जाईन, आणि तुम्हाला त्याबद्दल जन्मात विचारणार नाही.

एवढंच करा, की त्याआधी सतरा नंबर एकदा लावून ऐका. सुई नवी घाला, डबी फोनोशेजारीच आहे.

आणि एक विचारते. दिग्विजयला कानात घालायला कंपनी काय देते?

चटणीचा डबा ओट्यावर आहे. त्यात तिळाच्या वड्या भरून ठेवल्या आहेत.

तुमची,
वहिनी


चाकण,
१७ मार्च २०२५

ती. वहिनींस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

आधी तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. स्पंजचे बोळे देतात. ऑडिटच्या दिवशी सकाळी वाटतात आणि संध्याकाळी स्टोअरला परत घेतात. परत आलेले मीच डब्यात भरतो.

काल तुमच्याकडे गेलो होतो. माझी गाडी दुरुस्तीला आहे, म्हणून दिग्विजय सोडायला आला. त्याला सांगितलं की काकूंचे काही कागद बघायचे आहेत. अंबुबाईंनी चावी दिली आणि चहा घेतल्याशिवाय वर जाऊ दिलं नाही.

मी वही घेऊन बसलो. दोऱ्याचं पान काढलं. दादाचं अक्षर बघितलं. मग पानाला हात घातला, हे तुमच्यापासून लपवत नाही. वरून दोन बोटं फाटलं आहे. तुम्हाला दिसेल. तेवढ्यात दिग्विजयने फोनोला चावी दिली. लहानपणी काका त्याला चावी द्यायला लावायचा, ते त्याला आठवलं असावं. मी सांगण्याआधीच त्याने सतरा नंबर लावली.

आधी खरखर आली. तुम्ही लिहिलीत तशीच, मोहरीसारखी, सगळी खोली भरून. मग बँड एकदम आत घुसला. मागे बारीक झांज. क्लॅरिनेट असा वर चढला की मला दादा मांडवाच्या दारात लाल कोट घालून उभा दिसला. मी वही धरून तसाच बसलो.

दिग्विजय कर्ण्याला लागून बसला होता. पाय हलत होता त्याचा. गाणं संपलं, सुई आतल्या रेघेत नुसतीच फिरायला लागली आणि ती चरचर मला सोसवेना. तो मात्र उठेना, शांत ऐकत होता. मला वाटलं त्यालाही काकाची आठवण आली. मग त्याने माझ्याकडे वळून सांगितलं की तबकडी खराब झाली असं काका उगाच म्हणायचे, एवढी जुनी आणि बघा किती साफ वाजते, जरासुद्धा खरखर नाही.

मी सुई उचलली.

फाटलेल्या जागी मागून कागद चिकटवला आहे. सगळं वाचता येतं. २७ तारखेला किती वाजता यायचं ते कळवा. रजेचा अर्ज आज दिला, कारणाच्या रकान्यात भावाची सुनावणी असं लिहिलं. साहेबांनी तो दोनदा वाचला.

दिग्विजयला अजून सांगितलेलं नाही. काल परत येताना गाडी तोच चालवत होता. मोशीपर्यंत मागून ट्रक येत होते. मी मागे बसून एकेक हॉर्न ऐकत होतो आणि त्याच्या मानेकडे बघत होतो, वळते का.

लहान समजून जवळ ठेवा.
तुमचा,
शेखर