आमच्या गल्लीतला पिरॅमिड

बेहाला, कोलकाता
भाद्रपद वद्य पंचमी

चि. विहंग यास आजीचे आशीर्वाद, आणि लिहिणाऱ्याचेही.

अक्षर ओळखलंस ना? तुझे आजोबाच लिहितायत. मी सांगायचं आणि यांनी शब्दाला शब्द उतरवायचं, हे लग्न झाल्यापासून ठरलेलं आहे. "सासू खाष्ट आहे" असं माझ्या आईला कळवलं तेही यांच्याच हातून, आणि सासू म्हणजे यांची आई. एक अक्षर बदललं नाही. आजही बदलणार नाहीत. फोन केला नाही, कारण फोनवर तू "हो आजी, हो आजी" म्हणतोस आणि बघत दुसरंच असतोस. गल्लीतल्या क्लबातला सौरभ या कागदाचा फोटो काढून तुला पाठवेल. त्याला मराठी वाचता येत नाही, तेव्हा घरची अब्रू शाबूत.

इकडे सगळं ठीक. शेजारच्या वृषालीला मुलगी झाली. आणि क्लबानं यंदा दुर्गापूजेच्या मांडवाला पिरॅमिड करायचं ठरवलंय. आपल्या दारासमोरच बांबू उभे राहिलेत, वरून पिवळं कापड चढतंय. गेल्या वर्षी विमान होतं, त्याआधी राजस्थानचा किल्ला. किल्ल्यात तुझे आजोबा जाऊन बसले नव्हते.

यंदा बसतात. चहा झाला की घडीची खुर्ची काखेत मारून थेट त्या बांबूंच्या पोटात, बरोबर टोकाखाली. कारागीर काका-काका करत म्हणतात, "मेशोमोशाई, जरा सरका." हे सरकत नाहीत. उलट त्यांनाच समजावतात की पिरॅमिड ही थडगी नव्हतीच, तो शक्तीचा कारखाना होता, आत ठेवलेलं काही कुजत नाही. सौरभ मला म्हणाला, "माशिमा, आम्ही तर शाळेत थडगंच शिकलो." तर यांनी त्याला धरून तू पिरॅमिडवर केलेला अख्खा व्हिडिओ दाखवला.

मीही ऐकलाय. एकदा धान्याचं कोठार म्हणतोस, एकदा पाणी चढवायचा पंप, एकदा वीजघर. शेवटी म्हणतोस, "विचार तुम्ही करा." लाखभर लोकांनी केला असेल विचार, आणि गेले असतील आपापल्या कामाला. आपल्या घरातल्या एकानं खुर्ची उचलली.

बरं, वृषालीच्या मुलीचं बारसं पूजेनंतर. नाव अजून ठरत नाही. मी जरा उठते.

आले. गॅस बंदच होता. मघाशीही बंदच होता.

सांगते. यांच्या हृदयाची झडप नीट उघडत नाही. डॉक्टर म्हणाले, पूजेपर्यंत थांबू नका, ऑपरेशन करून घ्या. तुझ्या आईबाबांना यांनी "किरकोळ तपासणी" म्हणून सांगितलंय. येत्या सोमवारी भरती व्हायचं आहे. आधी हे म्हणाले, पितृपक्षात नको. जन्मात पितृपक्ष पाळला नाही या माणसानं, बापाच्या श्राद्धाला ऑफिसात ऑम्लेट खाल्लंय. लिहा, लिहा, थांबू नका. आता म्हणतात, पिरॅमिडात बसून धाप कमी झाली. होणारच. खुर्चीत बसलेल्याला कसली धाप? जिना चढून वर येतात तेव्हा मी दाराआड उभी राहून ऐकते. मधे कितीतरी वेळ पावलंच वाजत नाहीत.

इतक्यांचं ऐकलंस, आता माझंही ऐक. पिरॅमिड बांधणारा तो राजा घाबरला होता, दुसरं काही नाही. त्याला तसं विचारायची कुणाची छाती नव्हती, म्हणून सगळे मुकाट्यानं दगड चढवत राहिले. राणीनं "अहो, भीती वाटते का?" एवढं विचारलं असतं तर ते वाळवंट मोकळं राहिलं असतं.

पण मी तरी कुठं विचारलं? पत्र सांगायला बसले.

जिथं यांची खुर्ची आहे तिथं षष्ठीला देवी बसणार, मुलाबाळांना घेऊन माहेरी आलेली. म्हणजे आमच्या गल्लीतला पिरॅमिड कशासाठी, ते तरी पक्कं आहे. घरचं माणूस घरी यावं म्हणून. दशमी झाली की बांबू उतरतील. तू त्याआधी ये, सोमवारच्या आधी. यांच्यासमोर बस आणि सांग, "आजोबा, मला ठाऊक नाही." डॉक्टरचं ऐकत नाहीत, माझं तर नाहीच. तुझं ऐकतील.

यांनी पेन खाली ठेवलं होतं. आता परत उचललंय.

शेवटची ओळ मी सांगणार नाही. ती यांनी आपल्या मनची लिहायची. मला वाचता येत नाही, ते आज उपयोगी पडू दे. मी खिडकीकडे तोंड करून बसते. अंगठा आधीच उठवून ठेवलाय, वर जे लिहिलं जाईल ते मला मान्य.

तुझी आजी


विहंग, भीती वाटते. सोमवारी भरती होतोय. तू ये. हे हिला सांगू नकोस. ही अजून खिडकीकडेच बघतेय, "झालं का" म्हणूनही विचारत नाही.

आजोबा