दादाचा चेनसॉ

३ मार्च, मंगळवार

वहिनी आल्या होत्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. दारातच उभ्या राहिल्या, हातात पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी जड. बायकोने आत बोलावलं तर म्हणाल्या, "बसत नाही, गाडी थांबवून ठेवलीय."

मी पोतं मागच्या खोलीत नेऊन टेबलावर ठेवलं. सुतळी सोडायच्या आधीच कळलं काय आहे ते. दादाचा चेनसॉ.

"भावोजी, एवढा चालू करून द्या. कुणीतरी विकत मागतंय. ह्यांना सांगितलेलं नाही मी."

दादाची तब्येत मी विचारली नाही. त्यांनीच सांगितली – दम लागतो, जिना चढवत नाही, हल्ली खालच्याच खोलीत झोपतात.

"बरं," म्हणालो.

४ मार्च, बुधवार

हात लावला नाही. नर्सरीवाल्याचं गवत कापायचं मशीन पूर्ण केलं. प्लग बदलला, टाकी धुतली, पाती लावली. न्यायला आला तेव्हा म्हणाला, "तुमच्या हातून मशीन गेलं की मग वर्षभर बघायला नको."

पोतं टेबलाच्या कडेला तसंच पडून आहे.

६ मार्च, शुक्रवार

एकदा लिहून टाकतो, नाहीतर हात पुढे जायचा नाही.

तेव्हा मी बावीसचा, दादा अठ्ठावीसचा. झाडं तोडायची कामं तो घ्यायचा, बाबा सोबत जायचे, मशीनं मी बघायचो. त्या दिवशी वाऱ्याने पडलेलं झाड होतं, आमच्याच मागच्या आवारात. दादा फांद्या कापत होता, बाबा ओढून बाजूला टाकत होते. दादाने कापणं थांबवलं आणि 'मागे व्हा' सांगायला बाबांकडे वळला. चेन फिरतच होती. जुनं मॉडेल, चेनला ब्रेक नाही. बाबांच्या मांडीला लागली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलेलं.

दादा एकच सांगत राहिला, "मी ट्रिगर सोडला होता. मशीन थांबलंच नाही."

मी सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणालो, "मशीनवर ढकलू नकोस. आठवड्यापूर्वी मी स्वतः केलंय ते. तू मारलंस बाबांना."

चार दिवस तो तेच सांगत होता. पाचव्या दिवसापासून गप्प झाला. महिन्याभरात वेगळा राहायला गेला. त्याचं गप्प बसणं म्हणजे कबुली, असं मी धरून चाललो. लग्नाला बोलावलं नाही त्याला. आई गेली तेव्हा दोघं दोन भिंतींना टेकून उभे होतो.

त्यानंतर त्याने झाडाला हात लावल्याचं कुणी सांगितलं नाही.

७ मार्च, शनिवार

सुरुवात केली. पेट्रोल टाकीतच आटून मधासारखं चिकट झालंय. स्टार्टरची दोरी हातात आली ती तुकड्यातुकड्यांनी. चेन ज्याच्यावरून फिरते त्या बारला गंज आहे, पण चेन कुणीतरी पुसून, तेल लावून ठेवलेली. पिस्टनला ओरखडा नाही. इतकं चांगलं मशीन!

माझा हात सारखा थांबत होता. शेवटी रेडिओ लावला आणि काम केलं.

कार्बोरेटर उद्या.

८ मार्च, रविवार

ट्रिगर सोडल्यावर इंजिनचा वेग खाली आणते ती स्प्रिंग मशीनची नाही. बॉलपेनमधली आहे.

मी लावलेली आहे. टोक वळवून दोन वेढे उलटे द्यायची सवय माझीच, अजूनही तसेच देतो. बघितलं आणि सगळं आठवलं – साफ करताना मूळची स्प्रिंग उडाली, फरशीवर रांगत तासभर शोधली, सापडली नाही. दादा दुसऱ्या दिवशी कामाला निघणार होता. टेबलावरचं पेन उघडलं. दोन दिवसांत नवीन आणू म्हटलं. विसरलो. एकोणीस वर्षं साफ विसरलो!

एक टोक सुटून लोंबतंय. ट्रिगर दाबला, सोडला. पेट्रोल सोडणारी आतली झडप उघडीच राहिली. पुन्हा केलं. पुन्हा उघडी. तिसऱ्यांदाही.

दादा खरं बोलत होता.

९ मार्च, सोमवार

आज काही लिहवत नाही.

११ मार्च, बुधवार

बायको म्हणाली, "तीन दिवस ताटातलं तसंच टाकताय. होतंय काय?" पित्त झालंय म्हणून सांगितलं.

योग्य मापाची नवीन स्प्रिंग बसवली. दोरी, प्लग, फिल्टर, सगळं नवीन. दुसऱ्या झटक्याला मशीन चालू झालं. ट्रिगर सोडला की वेग लगेच खाली येतो. छान, गुळगुळीत आवाज. तो आवाज मला ऐकवेना. बंद केलं.

पेनातली स्प्रिंग खिशात आहे. मोरीच्या जाळीपाशी जाऊन उभा राहिलो. दोन बोटं सैल केली की झालं. कुणाला कळणार नाही. दादालाही नाही. वहिनी मशीन विकून टाकतील, नवीन माणूस लाकडं कापेल आणि मी मशीनं दुरुस्त करणारा चांगला माणूस म्हणून राहीन.

नाही टाकली. धैर्य होतं म्हणून नाही, एवढं इथे तरी खरं लिहितो. बायको भांडी घेऊन आली म्हणून.

१३ मार्च, शुक्रवार

बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घालतच राहिली. मग म्हणाली, "तुम्ही बावीस वर्षांचे होतात."

"तोही अठ्ठावीसचाच होता."

"मग जा आणि सांगा त्यांना."

"आता ऐकून तो काय करणार?"

"काय करायचं ते त्यांना ठरवू दे. तेही तुम्हीच ठरवणार का?"

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं.

१५ मार्च, रविवार

गेलो होतो. खिडकीतून दादा दिसला. पलंगावर उशीला टेकून बसलेला, मांडीवर पेपर. केस पार पांढरे. खांदे पुढे पडलेले, अगदी बाबांसारखे. क्षणभर बाबाच वाटले.

दोन वाक्यं पाठ करून गेलो होतो. फाटकाच्या कडीला हात लावला आणि मागे फिरलो.

"भेटले?" बायकोने विचारलं.

"घरी नव्हता."

ती माझ्याकडे बघत राहिली. ज्याला दम लागतो, जिना चढवत नाही, तो माणूस घरी नाही!

संध्याकाळी वहिनींचा फोन. "झालं का काम?" झालं म्हणालो. "मग आता ह्यांच्या कानावर घालते. उद्या कुणालातरी पाठवते न्यायला."

१६ मार्च, सोमवार

सकाळी दादाच आला. एकटा. फाटकापासून मागच्या खोलीपर्यंत येताना दोनदा थांबला. दाराची चौकट धरून उभा राहिला, श्वास नीट लागेपर्यंत. टेबलावरच्या मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"उघडलंस?"

"हो."

तो स्टुलावर बसला. मी खिशातली स्प्रिंग काढून पुढे धरली. त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझी मूठ तशीच मिटवली आणि दोन्ही हातांत धरून ठेवली.

"उशीर झाला रे मला," म्हणाला. "तुझ्या हाती लागू नये म्हणून तर मशीन इतकी वर्षं लपवून ठेवलं होतं."