पुठ्ठ्याच्या टाळ्या

आई, मी आता काय काम करते हे सांगितलं तर तू आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघशील. लोकांना ओरडायला लावायचा मला पगार मिळतो. आपल्या नवी मुंबईत आता एक फुटबॉल क्लब आहे, महापेला काचेच्या इमारतीत त्याचं ऑफिस आहे आणि माझ्या टेबलावरच्या पाटीवर 'फॅन एक्स्पीरियन्स' असं लिहिलंय. त्याला मराठीत काय म्हणायचं हे मला अजून सुचलेलं नाही. मॅचला माणसं येतात, खुर्चीत बसतात, समोसा खातात, मोबाइल बघतात आणि घरी जातात. त्यांच्या तोंडून आवाज काढायचा, एवढंच काम. तू हेच काम कितीतरी वर्षं फुकट केलंस, तेही कँटीनमध्ये दिवसभर उभी राहून पाय सुजल्यावर.

दर सोमवारी अकरा वाजता आमची मीटिंग असते. आमचे साहेब परदेशात दोन वर्षं काहीतरी शिकून आलेत आणि 'ॲटमॉस्फिअर' हा शब्द ते असा उच्चारतात, जणू तो त्यांनी स्वतःच्या हाताने कालवून आणलाय. त्यांनी आधी पुठ्ठ्याच्या टाळ्या आणल्या. घडी घातलेला पुठ्ठा प्रत्येक खुर्चीवर ठेवायचा, लोकांनी तो मांडीवर आपटायचा. काहींनी त्याने वारा घेतला आणि बाकीच्यांनी तो अंगाखाली घेतला, कारण खुर्च्यांवर धूळ होती. मग डीजे आला. तो कॉर्नर मिळाला की गाणं लावतो, त्यामुळे जी चार माणसं खेळाबद्दल काही बोलत होती त्यांनाही एकमेकांचं ऐकू येईनासं झालं. मग माइकवाला आला. तो एरवी लग्नात नवरा-नवरीला उखाणे घ्यायला लावतो, इथे तो "नवी मुंबई, आवाज येत नाहीये!" असं दर पाच मिनिटांनी केकाटतो. एकदा आमचा हाफबॅक गुडघा धरून मैदानात लोळत होता, तेव्हाही ह्याचं चालूच. मग आम्ही कॉलेजची शंभर मुलं आणली, त्यांना क्लबचा टी-शर्ट आणि पुलावाचं पाकीट दिलं, आणि जाळी हलली की ओरडा असं सांगून ठेवलं. समोरच्या टीमने गोल केला तेव्हाही ती इमाने इतबारे ओरडली. सगळ्यात शेवटी मोठ्या स्क्रीनवर काटा आला. लोक जितके ओरडतील तितका तो हिरव्यातून लाल पट्ट्यात जातो. त्या काट्याला कसलाही माइक जोडलेला नाही, आई. एक माणूस लॅपटॉपसमोर बसून तो वरखाली करतो. ही कल्पना माझी होती, आणि त्यासाठी मला एक फुलझाडाची कुंडी बक्षीस मिळाली.

अशा मीटिंगमध्ये बसले की मला तुझं कँटीन दिसतं. ठाणे-बेलापूर रोडवरची रंगाची फॅक्टरी, तिच्या मागे लाल मातीचं मैदान, आणि मैदानाकडे उघडणारं कँटीनचं दार. गावची जमीन कारखान्यांसाठी गेल्यावर बाबांना नोकरी मिळाली नाही, तुला मिळाली, तीही भाकऱ्या थापायची. कंपन्या-कंपन्यांच्या फुटबॉलच्या मॅच असायच्या. मॅचच्या दिवशी तू खेळणाऱ्यांच्या ताटात भात एकदाच वाढायचीस. कुणी दुसऱ्यांदा मागितला तर वाटी उलटी धरून दाखवायचीस. आणि चार वाजता हात पुसत, पदर खोचत मैदानाच्या कडेला येऊन उभी राहायचीस. तू कुणालाही नावाने हाक मारत नाहीस, खात्याने मारतेस. गोलकीपर म्हणजे बॉयलर, सेंटर फॉरवर्ड म्हणजे पॅकिंग, आणि तो उंच, कायम ओशाळलेला लेफ्ट आउट म्हणजे स्टोअर. "आरं ए पॅकिंग, सकाली सा भाकऱ्या हानल्यास, त्या काय झोपाया? पल की!" सगळं मैदान हसतं, पॅकिंगही हसतो आणि हसता हसता पळतो. तुझ्यामागे कँटीनच्या बाकीच्या बायका, त्यांच्यामागे सुटलेली शिफ्ट, आणि बघता बघता असा काही आवाज होतो की रस्त्यावरचे ट्रकवाले गाडी बाजूला लावून कुंपणापाशी येतात. कुणी कुणाला पुलाव दिलेला नसतो.

एक दिवस मला अगदी स्वच्छ आठवतो. स्टोअरने तीन सोपे पास घालवले होते, लोक त्याला शिव्या घालत होते, आणि तू तोंड मिटून उभी होतीस. मी तुझा पदर ओढून विचारलं की आज ह्याला काही का बोलत नाहीस. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "त्याची बायको हास्पिटलान हाय. चार दिस झालं, डबा मीच भरतंय." मग मागे वळून शिव्या देणाऱ्या शिफ्टला तू जे काही ऐकवलंस ते मी इथे लिहीत नाही. आमच्या साहेबांना हे कुठल्या तक्त्यात बसवता येईल ते मला सांग. कुणावर ओरडायचं नाही हे ज्याला ठाऊक, त्याच्याच ओरडण्याला काही अर्थ असतो. मला हे कळायला पस्तीस वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा मी पुठ्ठे मोजत होते.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. इथपर्यंत साहेबांना नावं ठेवणं सोपं होतं. मी आठवीत होते. वाशीच्या शाळेत माझी एक मैत्रीण होती, तिचे वडील तुझ्याच फॅक्टरीत ऑफिसर. सेमी-फायनलला ती वडिलांबरोबर मांडवात खुर्चीवर बसली होती आणि तिने मलाही शेजारी बसवून घेतलं. तू समोरच्या कडेला उभी राहून बॉयलरला सांगत होतीस की जाळी काय मासं सुकवाया बांधलीय का. मैत्रीण मला म्हणाली, "ती बाई बघ ना, कसली गावठी बोलते!" आणि हसली. मीही हसले. ती माझी आई आहे हे मी सांगितलं नाही. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. घरी आल्यावर तू स्वयंपाकघरात कोलंबी सोलत बसली होतीस, मी दारात उभी राहिले आणि म्हणाले, "तू तिकडे ओरडतेस ना, मला लाज वाटते. यायचंच असेल तर गप्प बसत जा." तू डोकं वर केलं नाहीस. कोलंबीचा धागा काढलास, ती पाण्यात टाकलीस आणि म्हणालीस, "बरं."

तू मला एक थोबाडीत मारायला हवी होतीस. तेवढीच माझी लायकी होती. त्याऐवजी फायनलला तू आलीस, नेहमीच्या जागी उभी राहिलीस आणि एक अक्षर बोलली नाहीस. बॉयलर गोलमध्ये उभा राहून दोनदा वळून तुझ्याकडे बघत होता. हाफ टाइमला तो पाणी प्यायला आला आणि म्हणाला, "मावशी, आज आवाज नाय?" तू गळ्याला हात लावून म्हणालीस, "घसा बसलाय." मी तिथेच होते, दोन हातांवर. तुझा घसा त्यानंतर फॅक्टरी बंद पडेपर्यंत बसलेलाच राहिला. बाबांनी तुला ज्येष्ठमध आणून दिलं, आणि ते तू माझ्यासमोर रोज रात्री जेवणानंतर चघळलंस, कारण नाहीतर त्यांना सांगावं लागलं असतं की घशाला काही झालेलं नाही. मी जाऊन त्यांना सांगू शकले असते. नाही सांगितलं. पुढे तू गेलीस त्यालाही आता सतरा वर्षं झाली, आणि तुझ्या दिवसांना आलेल्या कँटीनच्या बायका अजून तेच म्हणत होत्या, की हिचा आवाज काय होता, मधेच घसा गेला बिचारीचा. मी त्यांना चहा देत होते.

मागच्या मॅचला काय झालं ते ऐक. पूर्वेकडच्या स्टँडमध्ये, जाहिरातदारांच्या पाहुण्यांच्या खुर्च्यांना लागून, एक बाई येऊन बसली. साठीची असेल, नऊवारी, केसांत अबोली, सानपाड्याच्या मागच्या गावातली. आमचा लेफ्ट बॅक तिचा मुलगा. पहिली दहा मिनिटं ती गप्प होती, मग त्याच्या बाजूने समोरचा एकजण सुसाट निघून गेला आणि ती उभी राहिली. "आरं मेल्या, हलदीन नाचतंस तवा बरं पाय चालतान तुझं!" आई, आधी तिच्या आसपासची वीस माणसं हसली, मग पन्नास. लेफ्ट बॅकने कानाला हात लावून माफी मागितली आणि पुढच्या वेळी असा धावला की चेंडू काढूनच आणला. सगळा स्टँड उभा राहिला. लोक त्याला "हलदी! हलदी!" म्हणून हाका मारायला लागले. पुठ्ठे खाली पडले, डीजेचं गाणं कुणाला ऐकू येईना. लॅपटॉपवाला बावचळून माझ्याकडे बघत होता, कारण काटा हिरव्यात होता आणि त्याला तो लाल करायचं भान राहिलं नव्हतं. दोन वर्षांत आमच्या मैदानात पहिल्यांदा आवाज झाला होता.

मग वॉकी-टॉकीवर साहेब आले. पाहुण्यांपैकी कुणीतरी तक्रार केली होती. "त्या लेडीला जरा हँडल करा. लँग्वेज." मी 'नाही' म्हणू शकले असते. फार तर ओरडा बसला असता. मी गेले, तिच्या खुर्चीपाशी वाकले आणि आठवीतल्यापेक्षा कितीतरी चांगल्या शब्दांत, हसून, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मावशी, जरा हळू. इथे फॅमिली बसतात." तिने माझ्याकडे वर बघितलं. "मंग मी कोन हाय?" मी म्हणाले, तसं नाही, तुम्हाला आम्ही वरच्या बंद कक्षात खास जागा देतो, तिथे एसी आहे. तिला तो मान वाटला. तिने पिशवी उचलली आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढली. वरच्या कक्षाला काच आहे. तिथून सगळं मैदान छान दिसतं आणि तिथला आवाज बाहेर येत नाही. मी खाली आले तेव्हा लेफ्ट बॅक त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होता.

सोमवारी अकरा वाजता साहेबांनी विचारलं की दुसऱ्या हाफमध्ये पूर्वेकडचा स्टँड एवढा डाऊन का झाला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, तिथे एक स्पीकर बसवू, गर्दीचा रेकॉर्ड केलेला आवाज सोडता येईल. साहेब म्हणाले, गुड, आणि फळ्यावर लिहिलं. शनिवारी स्पीकर बसला. मी स्वतः खाली उभी राहून ऐकून बघितला, आणि ठीक आहे म्हणून सही केली.

हे ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर लिहितेय, 'मॅचडे सूचना' नावाच्या फाइलमध्ये. ती कुणी उघडत नाही, त्यामुळे इथे राहील. तुझ्यापर्यंत हे पोचायची काही सोय असती तर मी यातलं अर्धंसुद्धा लिहिलं नसतं. तरीही वर एक गोष्ट मी गाळलीच. त्या बाईला वर नेत होते तेव्हा ती जिन्यात मधेच दम खायला थांबली, माझा हात धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बोलनं शिकलेलं हाय तुझं, पन तोंडवला आमच्यातला दिसतंय. कंच्या गावची गो तू?" आपलं गाव तिच्या गावापासून चालत वीस मिनिटांवर आहे, तिने कदाचित तुला ओळखलंही असतं. मी म्हणाले, आम्ही पुण्याकडचे.