दोन नारिंगी पॅड

प्रिय ताई,

विषय पॉलिशच्या पॅडचा आहे, तेव्हा पत्र लगेच बाजूला ठेवू नकोस. गेल्या दीड वर्षात तुला किती वेळा फोन लावला ते मी मोजलेलं नाही. तुला खरं वाटणार नाही, पण खरंच मोजलेलं नाही. लिहिलेलं तू वाचतेस, निदान पूर्वी वाचायचीस, म्हणून लिहिते आहे.

आमच्या प्रयोगशाळेत गेल्या महिन्यात फोमच्या सात पॅडची तुलना झाली. आमची कंपनी गाड्यांचे रंग बनवते आणि गॅरेजवाल्यांना एक पानभर सूचना द्यायची होती, की आमच्या रंगावर पॉलिश मारताना कुठला पॅड कधी वापरावा. काम माझ्याकडे आलं. साहेब म्हणाले, तुमच्या तर घरचाच गाड्या पॉलिश करण्याचा धंदा, तुम्हाला काय कठीण! मी म्हटलं, घरच्या धंद्यात माझ्याकडे पॅड धुण्याचं खातं होतं. सगळे हसले. मीही हसले.

पद्धत सांगते, कारण माझ्या ओळखीत ती ऐकून घेणारी तू एकटीच आहेस. काळ्या रंगाचे पत्रे, सगळे एकाच दिवशी रंगवलेले आणि महिनाभर वाळवलेले. प्रत्येकावर मास्किंग टेप लावून चौकोन पाडले. पॉलिश एकच, मशीन एकच, वेग एकच, दर चौकोनावर सहा फेऱ्या. आधी आणि नंतर रंगाच्या थराची जाडी मोजायची, चकाकी मोजायची, आणि मशीन चालू असताना पत्रा किती तापतो ते बघायचं. अडचण एवढीच होती की मशीन धरणार कोण. माझा हात कसा आहे ते तुला माहीत आहे. पहिली फेरी घाबरत, दुसरी रागात. शेवटी मी मशीन एका लोखंडी चौकटीला बांधलं आणि वर चार किलोचं वजन ठेवलं, म्हणजे दाब सारखा पडेल. चौकट बनवण्यात नऊ दिवस गेले. तेवढे नऊ दिवस मी मनात म्हणत होते, एक माणूस मला माहीत आहे, तिला इथे उभं केलं असतं तर हे लोखंड लागलंच नसतं.

पहिला पांढरा. इतका मऊ की ओरखड्यांना नुसता गोंजारतो, काढत एकही नाही. दुसरा निळा, जाडजूड. तीन फेऱ्यांत पॉलिश पिऊन दुधात बुडवलेल्या पावासारखा लिबलिबीत झाला. तिसऱ्याच्या अंगावर चौकडीच्या खाचा आहेत, त्यामुळे तो तापत नाही, पण पॉलिश असं उडवतो की माझ्या चष्म्याचीही चकाकी वाढली. चौथा काळा आणि पातळ, शेवटच्या हाताला उत्तम. सातवा पिवळा, त्याला तू मुका म्हटलं असतंस. तू कुठल्या पॅडला मुका म्हणायचीस आणि कुठल्याला बोलका, याची मी टिंगल करायचे, आठवतं? आता मोजून पाहिलं. ज्याच्या फोमची छिद्रं बंद आणि दाट, त्याच्यातून हाताला कंपन पोचतच नाही, त्यामुळे खाली काय चाललंय ते धरणाऱ्याला कळत नाही. अहवालात मी एक लांबलचक वाक्य लिहिलं. वाचून दाखवताना माझ्या तोंडून 'मुका' निघालं आणि साहेबांनी मला तो शब्द कुठून आला ते विचारलं. मी म्हटलं, घरी वापरतात.

अशी तुझी एकेक गोष्ट कामात आडवी येते. मशीन चालू असताना तू डावा तळहात रंगावर टेकवायचीस, तापलंय का बघायला. मी तुला किरणांनी तापमान मोजणारं यंत्र आणून दिलं होतं, तर तू म्हणालीस, ठेव तुझ्या दप्तरात, हात त्याच्या आधी सांगतो. मी तुझ्या नकळत बरेच दिवस पडताळून पाहत होते. तू सांगितलेला आकडा यंत्राच्या तीन अंशांच्या आत असायचा. हे तुला कधी सांगितलं नाही.

घरचं म्हणशील तर बाबा ठीक आहेत. दुकान आठला उघडतात. आठवड्याला दोनच गाड्या घेतात आणि शेवटचा हात मारायला नको म्हणून गिऱ्हाइकाला सांगतात, एवढं पुरे, जास्त चकचकीत गाडी डोळ्यांवर येते. दुकानाच्या चाळीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडी कोणी ऐकलं नव्हतं. तुझं स्टूल अजून मशीनच्या खुंटीखालीच आहे. ते कोणी हलवायचं नाही. रोज बाबा त्याला अडखळतात, स्टुलाला शिवी देतात आणि वळसा घालून जातात. शनिवारी मी दुकानात जाते. दिवा धरते, पॅड धुते, ते दोरीला चिमटे लावून वाळत घालते. तू असतानाही हेच करायचे, पण तेव्हा मला मोजपट्टी म्हणून चिडवत मागून कोणीतरी सतत बोलत असायचं. मोजपट्टे, चिमटे सरळ रेषेत लावलेस का गं? मोजपट्टे, थेंब मोजून धुतेस की काय! मी वैतागायचे. आता दोरीवरचे चिमटे मी वेडेवाकडे लावून पाहिले. कोणी काही म्हणत नाही.

बाबांचे मित्र घड्याळवाले काका गेल्या पावसाळ्याआधी तुझ्या गावी टायर बदलायला थांबले, ते नेमके तू काम करतेस त्याच दुकानात, हे त्यांनी परत आल्यावर सांगितलं. म्हणाले, गल्ल्यामागे बसते, पावत्या फाडते, चांगली आहे, जरा वाळलीय. एका माणसाने दारावर ओरखडा पडलेली गाडी आणली, तर तिने बघितलंसुद्धा नाही. काका सांगत होते, मी तिला म्हटलं, काय गं, एवढासा तर आहे, काढून दे की त्याला. तर म्हणाली, काका, मी आता मशीनला हात लावत नाही. हे सांगताना काका बाबांकडे बघत नव्हते. बाबा उठून बाहेर गेले आणि बराच वेळ नळ चालू होता.

आता त्या दिवसाबद्दल. तुला सगळं आठवत असेल, पण क्रमाने एकदा लिहू दे. काकांची काळी गाडी होती. सकाळी तू म्हणालीस, नारिंगी पॅडची कड फाटलीय, येताना नवा आण. नेहमीच्या दुकानात तो नव्हता. दुसऱ्या कंपनीचा होता. तेवढाच गोल, तेवढाच जाड, तसाच नारिंगी. मी घेतला. आपल्या दुकानात पॅडला नाव नसतं, रंग असतो. बाबा म्हणायचे नारिंगी दे, की आपण नारिंगी द्यायचो. इतकी वर्षं एकाच कंपनीचा माल वापरल्यावर रंग म्हणजेच नाव होऊन बसलं. प्रत्यक्षात कुठल्या रंगाचा पॅड किती कापतो, म्हणजे थर किती खरवडतो, याचा सर्वांना लागू असा काहीच नियम नाही. ज्याची त्याची कंपनी मनाला येईल तो रंग देते, आणि तो पॅड कशासाठी आहे ते वेष्टनावर बारीक अक्षरांत छापते. मी काडेपेटीवरचा मजकूरही वाचणारी. त्या दिवशी वेष्टन फाडून टोपलीत टाकलं, कारण तू आतून ओरडत होतीस, आणलास का पॅड, की बनवायला बसलीस?

तू दोन फेऱ्या मारल्यास आणि मशीन थांबवलंस. म्हणालीस, हा ओढतोय गं, हा आपला नाही. मी मान वर न करता म्हटलं, रंग बघ की, तोच आहे. तू एकदा पॅडकडे बघितलंस, एकदा माझ्याकडे. मग म्हणालीस, बरं बाई, शिकलेली तू. आणि पुढे चालू केलंस.

बोनेटच्या उजव्या कडेला, जिथे पत्रा वळतो आणि थर मुळातच पातळ असतो, तिथे काळा रंग झिजून खालच्या थराची बोटभर राखाडी रेघ उमटली. बाबा आणि काका दारात चहा पीत होते. काका म्हणाले, अरे गाडीच आहे, बोनेट रंगवून घेऊ. बाबांना ते ऐकूच गेलं नाही. मित्रासमोर म्हणाले, हात जड झालाय तुझा, लक्ष नसतं हल्ली. तू म्हणालीस, पॅड ओढत होता. तेव्हा बाबा माझ्याकडे वळले. म्हणाले, तू शिकलेली आहेस, तू सांग, कशानं झालं हे? मी जाडी मोजायचं यंत्र लावलं. शेजारी एकशे चौदा मायक्रॉन, रेघेवर बहात्तर. मी म्हटलं, कडेला दाब जास्त पडला. आकडे दोन्ही बरोबर होते. तू मशीन खुंटीला अडकवलंस, वायर नीट गुंडाळलीस, आणि दोन आठवड्यांनी बॅग भरलीस.

सातांपैकी पाचवा आणि सहावा पॅड मी मघाशी वगळले. पाचवा आपला नेहमीचा नारिंगी. सहावा तो दुसरा नारिंगी. पाचव्याने सहा फेऱ्यांत दीड मायक्रॉन काढला, पत्रा एकेचाळीस अंशांपर्यंत तापला. सहाव्याने तेवढ्याच दाबाखाली चार मायक्रॉन काढले, अठ्ठावन्न अंश. मग यादीत नसलेली एक चाचणी मी स्वतःहून केली. पत्र्यांना बोनेटसारख्या कडा वळवून घेतल्या आणि त्यांच्यावर दोन्ही पॅड चालवले. चौकटीचा हात जड होत नाही आणि तिचं लक्ष कुठे भरकटत नाही. पाचव्याने सहा फेऱ्या मारल्या, कडेला काही झालं नाही. सहाव्याला तिसऱ्या फेरीत राखाडी रेघ आली. मी दुसऱ्या पत्र्यावर करून बघितलं, मग तिसऱ्यावर. तिन्ही वेळा तेच. तुझ्या हातून ती रेघ यायला बराच वेळ लागला होता. म्हणजे तू त्या पॅडला, तो आपला नसताना, शक्य तितकं आवरून धरत होतीस.

इथपर्यंतचं पत्र मी तीन आठवड्यांपूर्वी लिहिलं होतं आणि ते इथेच संपत होतं. वाचणाऱ्याला वाटलं असतं की मला हे आत्ता, तुलना करताना कळलं. म्हणून पाठवलं नाही. मला त्याच दिवशी संध्याकाळी कळलं होतं, ताई. तू आत हात धूत होतीस. मी पॅड धुवायला घेतला, अंगठ्याने दाबला आणि तो दबला नाही. टोपलीतून वेष्टन काढून जुळवलं, वाचलं. जोरदार कापणीसाठी, कडांवर वापरू नये, असं त्यावर लिहिलं होतं. मी ते घडी करून खिशात ठेवलं आणि पॅड घरी नेऊन कपाटात टाकला. त्या दुकानात बाबांनी मला पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतं, आणि माझं उत्तर त्यांनी ऐकलं होतं. मला ते एक दिवस तरी तसंच राहायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सांगेन म्हटलं, मग तू माझ्याशी बोलायची थांबलीस, मग तू गेलीस, आणि नंतर दर दिवसागणिक ते सांगणं अवघड होत गेलं. गुरुवारी मी बाबांना सांगितलं. वेष्टन त्यांच्यासमोर ठेवलं. चष्मा लावून त्यांनी ते दोनदा वाचलं. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मी तुझ्याकडे माफी मागत नाही. ती द्यायची की नाही हे तुझं तू बघ, आणि त्याला कितीही वर्षं लागली तरी मी इथेच आहे. तू परत ये, असंही लिहिणार नव्हते. लिहिलंय, तर राहू दे. पण निदान त्या माणसाच्या गाडीवरचा ओरखडा काढून दे. आणि एक. माझा फोन नाही उचललास तरी चालेल. चालणार नाही, पण चालेल. हे पत्र तुला मिळेल त्याच सुमारास बाबांचा येईल, तेवढा उचल. तीन दिवस ते खोलीचं दार लावून तुझ्याशी काय बोलायचं याचा सराव करतायत. भिंतीतून मला ऐकू येतं. 'हे बघ बेटा' इथपर्यंत जातात, थांबतात, खाकरतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

तुझीच,
धाकटी