कविता पाठ असल्याची शिक्षा

गुरुजी, त्या नव्या चपलेची करकर अजून कानात आहे. चौथीत आम्ही बहुतेक अनवाणी. करकरणारी चप्पल एकट्या त्याच्याच पायात. दोनदा नापास झालेला, मागच्या भिंतीला टेकून बसणारा. शाळा सुटली की तो आवाज माझ्या मागून यायचा. मी पळालो की तोही पळायचा.

तुम्ही कविता चालीवर शिकवायचात. डोळे मिटून तुमच्यामागे म्हणताना मला वाटे, वर्गाचं छतच उघडलंय आणि आपण कुठल्या कुठं निघालोय. मग तुम्ही एकेकाला उभं करायचात. ज्याला कविता आली त्यानं न आलेल्यांचं नाक धरून गालावर थप्पड हाणायची, ही तुमची रीत. मला नेहमीच यायची. त्या चपलेवाल्याचं नाक धरायला मी चवड्यांवर उभा राहायचो. हात हलका पडला की तुम्ही म्हणायचात, "हाण की जोरात. का तुला देऊ?" वर्ग हसायचा. तो नुसता बघायचा.

आणि संध्याकाळी रंकाळ्याकडच्या बोळात करकर थांबते. "कवी, म्हण की आता. गुरुजी न्हाईत हितं." म्हशींच्या हौदात माझं तोंड दाबलेलं असतं. वर काढलं की एक ओळ म्हणायची. अडखळलो की पुन्हा आत. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला उभं केलंत, तर सगळी कविता येत असून मी गप्प राहिलो. तुम्ही चष्मा पुसलात. "तुला बी येत न्हाय व्हय?" एवढंच म्हणालात. तुमच्या आवाजातलं ते वाईट वाटणं मला हौदापेक्षा जड गेलं.

आता माझी नात तिसरीत आहे. बाईंनी तिला मॉनिटर केलं, तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले. बोलणाऱ्यांची नावं तिनं फळ्यावर लिहायची, मग बाई त्यांना बाकावर उभं करतात. हल्ली ती सकाळी पोट धरून बसते. काल वेणी सोडताना केसांत च्युइंगगम निघालं. "आजोबा, बाईंना सांगू नका. ज्याचं नाव लिहिलं, त्यो मग शाळेच्या व्हॅनपाशी थांबतोय." माझा मुलगा म्हणतो, "पोरं हैत, करत्यात." आज तिला घरीच ठेवलं. शाळेत जाऊन बाईंना भेटावं म्हणून सदरा घातला आणि तसाच बसून राहिलो. बाई त्याला सगळ्यांसमोर उभं करतील, आणि संध्याकाळी व्हॅनपाशी कोण असेल?

एवढं लिहीपर्यंत शाळा सुटायची वेळ झाली आणि दाराची बेल वाजली. जाळीच्या दारातून बघितलं तर गणवेशातला एक पोरगा, एकटाच, हात पाठीमागं. "आजोबा, ती हाय का घरात?" नातीनं मागून माझा सदरा मुठीत धरला. "त्योच," ती कुजबुजली.

"थांब हं," म्हणून मी परत टेबलाशी आलोय. पाठीमागं त्यानं काय धरलंय, दिसत नाही. तो हलत नाही. गुरुजी, मला त्या एवढ्याशा पोराची भीती वाटते. कडी मी अजून काढलेली नाही.